कर्ज फेडायला नोकरीला लागल्या आणि ४५ वर्षं कंपायलरवर काम करत राहिल्या : फ्रान्सिस ॲलन यांची गोष्ट

अँड्रॉईड मोबाईल अपडेट झाला की पूर्वी स्क्रीनवर हमखास एक मेसेज यायचा, 'ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत'. ६० पैकी १२ झाली, १३ झाली, असा आकडा पुढे सरकत राहायचा. बहुतेक जण कंटाळून मोबाईल बाजूला ठेवायचे.

त्या वेळात मोबाईलच्या आत कंपायलर नावाचं सॉफ्टवेअर काम करत असायचं. ॲप लिहिणाऱ्याने त्याच्या सोयीच्या भाषेत लिहिलेल्या सूचना तुमच्या मोबाईलच्या प्रोसेसरला जमतील आणि वेगाने चालतील अशा करून ठेवायच्या, हे त्याचं काम. आता बरंचसं काम बॅकग्राऊंडला होतं, म्हणून मेसेज दिसत नाही. काम मात्र चालूच असतं.

या कामामागचं शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्यात एक नाव फार वरचं आहे. फ्रान्सिस ॲलन. कॉम्प्युटर क्षेत्रातला सगळ्यात मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला.

गंमत म्हणजे, ज्या मोठमोठ्या मशीनसाठी त्यांनी उमेदीची वर्षं दिली, त्यातली एक अपेक्षेपेक्षा हळू निघाली, एक गुप्तचर खात्यात बंद दाराआड राहिली आणि एक तर बाजारात आलीच नाही. तरीही त्यांचं काम टिकलं. ते कसं, हाच या गोष्टीचा मुख्य विषय.

आधी कंपायलर म्हणजे काय ते बघू

प्रोसेसरला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. त्याला कळतात फक्त आकड्यांत लिहिलेल्या साध्या सूचना. ही संख्या उचल, ती संख्या उचल, बेरीज कर, तिकडे ठेव.

सुरुवातीच्या काळात प्रोग्रामर याच पद्धतीने लिहायचे. एक साधं सूत्र सोडवायचं तर कितीतरी ओळी. त्यात मशीन बदललं की सगळं नव्याने लिहायचं.

१९५७ मध्ये आयबीएमने फोरट्रान आणली. जॉन बॅकस यांच्या टीमने ती तयार केली होती. आता गणिताचं सूत्र जवळपास जसंच्या तसं लिहिता येत होतं. ते मशीनच्या भाषेत उतरवायचं काम कंपायलर करणार होता.

पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा कॉम्प्युटरचा एकेक तास प्रचंड महाग होता. हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान कोड एखादा प्रोग्राम आपोआप तयार करेल, हे जुन्या प्रोग्रामरना पटत नव्हतं. कंपायलरने केलेला कोड हळू चालला असता, तर फोरट्रान कितीही सोपी असली तरी ती कुणी वापरली नसती.

म्हणजे कंपायलरचं खरं आव्हान नुसत्या भाषांतराचं नव्हतं. भाषांतर करताना काम कमी कसं करायचं, हे होतं. यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात.

गणिताच्या बाई आयबीएममध्ये कशा आल्या?

फ्रान्सिस ॲलन यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ चा. गावाचं नाव पेरू. हा दक्षिण अमेरिकेतला देश नव्हे, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं छोटं गाव. वडील शेतकरी, आई शिक्षिका, सहा भावंडांत या सगळ्यात मोठ्या. लहानपणी घरी ना नळ होता ना वीज. शाळा एकाच खोलीची.

त्यांना गणिताचं शिक्षक व्हायचं होतं. १९५४ मध्ये त्यांनी गणितात पदवी घेतली आणि स्वतःच्या गावातल्या शाळेत शिकवायला लागल्या. पुढे मिशिगन विद्यापीठातून गणितात मास्टर्स केलं. कॉम्प्युटरची ओळख तिथेच झाली.

पण शिक्षणासाठी कर्ज झालं होतं आणि ते फेडायचं होतं.

त्या काळी आयबीएम कॉलेजांमध्ये जाऊन भरती करत होती. मुलींना आकर्षित करायला कंपनीने 'माय फेअर लेडीज' नावाचं माहितीपत्रकही काढलं होतं. जुलै १९५७ मध्ये ॲलन आयबीएममध्ये रुजू झाल्या. ठरवलं होतं असं, की कर्ज फिटलं की नोकरी सोडायची आणि परत शाळेत शिकवायला जायचं.

कर्ज फिटलं. नोकरी मात्र सुटली ती थेट २००२ मध्ये, ४५ वर्षांनी.

पहिलं काम, शास्त्रज्ञांची शिकवणी

शिक्षिका म्हणून अनुभव होताच, त्यामुळे पहिलं काम तसंच मिळालं. आयबीएमच्या संशोधन विभागातल्या शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवायची. भाषा येऊन जेमतेम काही महिने झालेले. ॲलन स्वतः शिकत शिकत इतरांना शिकवत होत्या.

शास्त्रज्ञ फारसे उत्सुक नव्हते. आपला हाताने लिहिलेला कोडच बरा, असं त्यांचं मत.

शिकवायचं तर आतलं माहीत पाहिजे, म्हणून ॲलन यांनी फोरट्रानच्या कंपायलरचाच कोड वाचायला घेतला. दुसऱ्याचे प्रोग्राम वाचून सुधारणारा हा प्रोग्राम. तो वाचताना त्यांना त्यांचा विषय सापडला.

शंभर पट वेगाचं स्वप्न

त्याच सुमारास आयबीएम एक मोठं मशीन बनवत होती, स्ट्रेच. आधीच्या ७०४ या मशीनपेक्षा शंभर पट वेगवान करायचं उद्दिष्ट होतं. पहिलं मशीन १९६१ मध्ये लॉस अलामॉस इथल्या अणुसंशोधन प्रयोगशाळेला मिळालं.

स्ट्रेचला जोडून हार्वेस्ट नावाचं आणखी एक मशीन तयार होत होतं. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी, म्हणजे एनएसएसाठी होतं. सांकेतिक मजकूर फोडणं हे त्याचं काम. त्यासाठी अल्फा नावाची खास भाषा केली होती.

या मशीनसाठीचा कंपायलर घडवणाऱ्या टीममध्ये ॲलन होत्या. पेच असा होता, की भाषा तीन होत्या. फोरट्रान, ऑटोकोडर आणि अल्फा. प्रत्येकीसाठी वेगळा कंपायलर लिहायचा तर मेहनत तिप्पट.

टीमने वेगळा मार्ग काढला. प्रत्येक भाषा वाचणारा भाग वेगळा, पण त्यानंतर तिन्हींना एकाच मधल्या रूपात आणायचं. कोड सुधारायचं काम त्या मधल्या रूपावर, एकाच ठिकाणी. आजचे जीसीसी आणि एलएलव्हीएम हे प्रसिद्ध कंपायलर याच धाटणीने बांधलेले आहेत.

मशीनचं काय झालं? स्ट्रेच वेगवान होतं, पण शंभर पट नव्हे, साधारण तीस पट. आयबीएमला किंमत १ कोटी ३५ लाख डॉलरवरून ७८ लाखांच्या आसपास आणावी लागली. ज्यांनी आधीच ऑर्डर दिली होती त्यांना मशीन देऊन विक्री थांबवली. हार्वेस्ट १९६२ मध्ये एनएसएकडे गेलं. ॲलन तिथे काही काळ आयबीएमच्या वतीने समन्वय बघत होत्या. १९७६ मध्ये ते मशीनही बंद झालं.

पुढे १९६० च्या दशकात त्या एसीएस प्रकल्पावर गेल्या. एकाच वेळी अनेक सूचना चालवणारं मशीन करायचं होतं. तो प्रकल्प १९६९ मध्ये कंपनीने गुंडाळला.

बाहेरून बघितलं तर हिशोब निराशेचा. पण एसीएसवर ॲलन यांच्यासोबत जॉन कॉक होते, आणि मशीन कुठलंही असो, लागू पडेल असं काहीतरी या दोघांच्या हाती लागलं होतं.

प्रोग्राम वाचू नका, त्याचा नकाशा काढा

प्रोग्राम ओळीमागून ओळ सरळ चालत नाही. 'असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' अशा वाटा फुटतात. काही भाग पुन्हा पुन्हा फिरतात, त्यांना लूप म्हणतात.

ॲलन यांनी १९७० मध्ये 'कंट्रोल फ्लो ॲनालिसिस' हा शोधनिबंध मांडला. त्याचं सार असं, की प्रोग्रामचे तुकडे करा. ज्या तुकड्यात मध्ये कुठेही वाट फुटत नाही, तो एक ठिपका. एका ठिपक्यावरून दुसऱ्याकडे जायची शक्यता असेल तर बाण. झाला नकाशा तयार.

नकाशाचा उपयोग काय? मुंबईच्या लोकलचं उदाहरण घेऊ.

सीएसएमटीहून कल्याणला निघालात. स्लो पकडा नाहीतर फास्ट, ठाणे लागणारच. विद्याविहारला मात्र स्लो थांबते, फास्ट थांबत नाही. समजा, ठाण्याला प्रत्येकाचं तिकीट तपासलं गेलं. मग सीएसएमटीहून आलेल्या माणसाचं तिकीट कल्याणला पुन्हा तपासायची गरज नाही. पण तपासणी विद्याविहारला झाली असेल, तर कल्याणची तपासणी काढून टाकता येणार नाही. फास्टने आलेला माणूस तपासलाच गेलेला नसेल.

कंपायलर नेमका हाच विचार करतो. एखादा हिशोब आधीच्या अशा ठिपक्यावर झाला असेल जिथून प्रत्येक वाट जाते, आणि मधल्या वाटेत त्यातले आकडे बदलले नसतील, तर तो पुन्हा करायची गरज नाही. आधीचं उत्तर वापरायचं.

नकाशा मोठा असेल तर? कॉक आणि ॲलन यांनी त्यावरही उपाय दिला. आत शिरायला एकच वाट असलेला भाग शोधायचा आणि त्याची घडी घालून त्याचा एकच ठिपका करायचा. मग त्या ठिपक्यांच्या नकाशावर पुन्हा तेच. मोबाईलवर नकाशा झूम आऊट करताना गल्ल्या जाऊन पेठा दिसतात, पेठा जाऊन शहर दिसतं, तसं काहीसं. बारकाईने बघायचं काम छोट्या भागात होतं आणि निष्कर्ष सगळ्या प्रोग्रामला जोडता येतात.

आकडे कुठून येतात, कुठे जातात?

नकाशा म्हणजे रस्ते. आता त्यावरून जाणारा माल बघायचा. याला डेटा फ्लो ॲनालिसिस म्हणतात. ॲलन आणि कॉक यांचा यावरचा महत्त्वाचा शोधनिबंध १९७६ चा.

समजा, एका दुकानाच्या प्रोग्रामला १०,००० बिलांवर कर लावायचा आहे. लिहिणाऱ्याने सोपं पडावं म्हणून प्रत्येक बिलासाठी लिहिलं, '१८ भागिले १००, त्याला रकमेने गुणा'. यातला भागाकार दर वेळी तोच आहे.

कंपायलर स्वतःला विचारतो, या लूपमध्ये एखाद्या तरी वाटेवर करदर बदलतो का? बदलत असेल तर हात लावायचा नाही. बदलत नाही याची पक्की खात्री पटली तरच भागाकार एकदा करून ठेवायचा. १०,००० भागाकारांच्या जागी एक.

दुसरा प्रश्न, हा आकडा पुढे कुणाला लागणार आहे का? प्रोसेसरच्या आत अगदी जवळच्या जागा मोजक्याच असतात. स्वयंपाकघराचा ओटा लहान असतो तसं. लगेच लागणारं ओट्यावर, उशिरा लागणारं फडताळात, लागणारच नाही ते बाहेर काढायचंच कशाला?

यात एक गोष्ट महत्त्वाची. 'बहुधा चालेल' इथे चालत नाही. लॉस अलामॉससारख्या ठिकाणी कंपायलरने वेगाच्या नादात एक हिशोब चुकवला असता, तर त्याचं उत्तर पुढे कशाकशात वापरलं गेलं असतं याचा विचार करा. म्हणून आधी सिद्ध करायचं, मग बदलायचं. ही शिस्त ॲलन यांच्या कामाचा कणा आहे. त्याआधी कंपायलर लिहिणारे आपापल्या युक्त्या वापरत होते. त्या कधी सुरक्षित असतात आणि कधी नाहीत, हे गणिताने सांगायची पद्धत आता मिळाली.

युक्त्यांची यादी

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलन आणि कॉक यांनी आणखी एक उपयोगी काम केलं. कोड सुधारायच्या ज्या पद्धती माहीत होत्या, त्यांची नीट नावं देऊन यादी केली.

छोटं फंक्शन वापराच्या जागीच उतरवून टाकायचं. लूप उलगडून लिहायचा. ज्याचं उत्तर कुणी वापरत नाही तो कोड काढून टाकायचा. महागडा गुणाकार जमेल तिथे बेरजेवर भागवायचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, परीक्षेत हेच प्रश्न येतात.

सी भाषेवर राग का होता?

प्रोग्रामिंग येणाऱ्यांना हे वाचून धक्का बसेल. ॲलन यांच्या मते सी भाषेमुळे कंपायलर संशोधन मागे गेलं. पीटर सीबेल यांच्या २००९ च्या 'कोडर्स ॲट वर्क' या पुस्तकातल्या मुलाखतीत त्यांनी हे स्पष्ट मांडलं आहे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. सीमध्ये पॉइंटर असतात, म्हणजे मेमरीतल्या जागेचा थेट पत्ता. घराची एकच किल्ली असेल तर आत कोण गेलं हे सांगता येतं. पण दहा जणांकडे किल्ल्या असतील तर? आतली वस्तू जागेवर आहे, अशी हमी कंपायलरला देता येत नाही. हमी नाही, म्हणून सुधारणा नाही.

त्यांचं म्हणणं असं, की काय हवं ते माणसाने सांगावं आणि ते कसं करायचं हे कंपायलरवर सोडावं. सीमध्ये 'कसं' हेसुद्धा माणूसच ठरवून टाकतो.

दुसरी बाजूही आहे. सी मशीनच्या जवळची आहे म्हणूनच युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात लिहिल्या गेल्या. पुढे सीचे कंपायलरही खूप हुशार झाले. पण पॉइंटर कुठे बोट दाखवतो, हा प्रश्न संशोधकांना अजूनही पुरून उरला आहे.

एका वेळी अनेक कामं

१९८० च्या दशकात ॲलन यांनी आयबीएममध्ये पीट्रान नावाचा गट उभा केला. एकाच्या जागी अनेक प्रोसेसर वापरायचा विचार तेव्हा जोर धरत होता. पण प्रोग्राम होते एकामागून एक चालणारे. त्यातली कोणती कामं एकाच वेळी करता येतील, हे कंपायलरनेच शोधायचं, असा पीट्रानचा प्रयत्न.

जीन फेरांटे आणि रॉन सायट्रॉन हे संशोधक या गटात होते. त्या काळात या दोघांनी इतर सहकाऱ्यांसोबत एसएसए या पद्धतीवर काम केलं. प्रत्येक नावाला एकदाच किंमत द्यायची, म्हणजे कोणता आकडा कुठून आला हे शोधणं सोपं जातं. जीसीसी आणि एलएलव्हीएम हे दोन्ही आज हीच पद्धत वापरतात.

पुरस्कार आला, टायपिन घेऊन

१९६० च्या दशकात आयबीएमने ॲलन यांच्या कामाचा गौरव केला, तेव्हा भेट म्हणून कफलिंक्स आणि टायपिन दिली. हा पुरस्कार एखाद्या बाईला द्यावा लागेल, हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं.

१९८९ मध्ये त्या आयबीएम फेलो झाल्या. कंपनीतला हा सर्वोच्च तांत्रिक सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या वेळी दिलेल्या मानपत्रातही कामगिरीचा उल्लेख पुरुषाची असावी तसाच होता.

ट्युरिंग पुरस्कार १९६६ पासून दिला जातो. २००६ चा पुरस्कार ॲलन यांना जाहीर झाला. म्हणजे एका महिलेला तो मिळायला चाळीस वर्षं गेली. गंमत म्हणजे १९६६ चा पहिला पुरस्कार ॲलन पर्लिस यांना ज्या कामासाठी मिळाला, त्यातही कंपायलर होताच. जॉन कॉक यांना हा पुरस्कार १९८७ मध्ये मिळाला होता.

सुरुवातीच्या काळात प्रोग्रामिंगमध्ये बायका बऱ्याच होत्या, असं ॲलन सांगत. पुढे या विषयाला अभियांत्रिकीची पदवी जोडली गेली आणि ज्या शाखांत मुली मोजक्याच होत्या, तिथूनच भरती होऊ लागली. म्हणून त्यांनी आयबीएममध्ये तरुण मुलींना मार्गदर्शन करण्यावर भर दिला. २००० मध्ये कंपनीने त्यांच्या नावाने मार्गदर्शनासाठीचा पुरस्कारही सुरू केला.

ऑफिसबाहेर त्या गिर्यारोहक होत्या. आर्क्टिकमधल्या एल्समेअर बेटापर्यंत त्यांच्या मोहिमा झाल्या.

आता हे काम कुठे आहे?

जवळपास सगळीकडे. ब्राऊझरमध्ये रील स्क्रोल करताना जावास्क्रिप्ट चालते, तिच्यासाठी ब्राऊझरमध्ये कंपायलर असतो. आयफोनचं ॲप एलएलव्हीएममधून तयार होतं.

मुंबईतही या विषयावर बरंच काम झालं आहे. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं २००९ चं पुस्तक डेटा फ्लो ॲनालिसिसवरच आहे. त्याच संस्थेतल्या धनंजय धामधेरे यांनीही कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनवर संशोधन केलं. त्यांची सिस्टिम्स प्रोग्रामिंगची पुस्तकं इंजिनिअरिंगच्या कित्येक बॅचनी वाचली आहेत.

फ्रान्सिस ॲलन यांचं ४ ऑगस्ट २०२० रोजी निधन झालं, त्यांच्या ८८ व्या वाढदिवशी. त्यांना अल्झायमर होता. २०२२ पासून आयईईई ही संस्था त्यांच्या नावाने पदक देते.

स्ट्रेच, हार्वेस्ट, एसीएस ही नावं आज फार थोड्यांना माहीत आहेत. पण त्या मशीनसाठी काम करताना ॲलन ज्या प्रश्नांपाशी पोहोचल्या, ते एका मशीनपुरते नव्हते. इथपर्यंत कोणत्या वाटांनी येता येतं? मधे काही बदललं का? हे पुढे कुणाला लागणार आहे? आज कुठलाही कंपायलर कोड हातात घेतो, तेव्हा हेच विचारतो.

आणि त्यामुळेच आज प्रोग्राम लिहिणारी एखादी मुलगी प्रोसेसरची चिंता बाजूला ठेवून, दुसऱ्या माणसाला वाचून समजेल असा कोड लिहू शकते.